सेतुमाधवराव पगडी

सेतुमाधवराव पगडी (२७ ऑगस्ट, १९१० - १४ ऑक्टोबर, १९९४) हे इतिहासकार, बहुभाषाकोविद, अनुवादक आणि प्रशासकीय अधिकारी होते. त्यांचा जन्म निलंगा येथे झाला. तत्कालीन हैदराबाद संस्थानातील हे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे. मराठी आणि कन्नड प्रदेशांच्या सीमेजवळील या भागात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे दोन-तीन भाषांत वावरणे तेथे नवलाचे नव्हते.

गोंडी आणि कोलामी

संस्थानाच्या मुलकी सेवेत असताना पगडी यांनी आदिलाबाद जिल्ह्यात काम केले. तेथील गोंडांच्या जमिनी सावकारांच्या व बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या हाती जात होत्या. कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालील उठाव १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात मोडून काढला गेला होता. तक्रार गोंडीत आणि दप्तर उर्दूत असल्याने दुभाष्याच्या एका शब्दावरही जमिनीचा निकाल फिरू शकत होता. पगडी यांनी गोंडी स्वतःच आत्मसात केली. ही भाषा द्राविडी कुळातील आहे. तेलुगू जाणणाऱ्यास तिच्यातील काही धागे ओळखू येतात. मात्र नातीगोती, देवकार्य, रुसवा, उपहास यांचे शब्द कोठे शोभतात, हे बोलणाऱ्यांच्या सहवासातच कळते.

त्यांचे कोलामीचे व्याकरण १९५० मध्ये व गोंडीचे १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलामी ही गोंडीची बोली नसून स्वतंत्र द्राविडी भाषा आहे. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात पगडी यांनी नोंदविलेले शब्द आधार म्हणून घेतलेले आहेत. व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ नसलेल्या अधिकाऱ्यासाठी हा मान लहान नाही.

उर्दू आणि फारसी

गालिब व इक्बाल यांच्या काव्याचा परिचय त्यांनी मराठी वाचकांना करून दिला. या कामात ओळखीचे शब्दच अधिक फसवे ठरतात. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे पराकाष्ठा, तर फारसी-उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीतील 'गरीब' निर्धन असतो. जुन्या काव्यातील 'गरीब' बहुधा परदेशी, घरापासून दूर असलेला असतो. फारसी साधनांवर हीच हुकमत असल्याने मोगल-मराठा इतिहासाची अनेक साधने त्यांनी मराठीत आणली.

महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटिअर विभागातही त्यांनी काम केले. 'जीवनसेतू' हे त्यांचे आत्मचरित्र होय. भारत सरकारने १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला.