टाकळीचे शंख

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांखालचा काळा कातळ लाव्हाचा आहे. तो कोणत्या काळातला, हा शोध नागपूरकडे एका शिक्षकाने घेतला. स्टीफन हिस्लॉप १८१७ मध्ये स्कॉटलंडात जन्मले, १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरास आले आणि तेथे त्यांनी शाळा चालविली. विलायतेत तेव्हा ट्रायलोबाइटच्या अवशेषांवरून प्राचीन खडकांचा क्रम लावीत. लाव्हात कसला जीव सापडणार? पण टाकळीस लाव्हाच्या थरांमधल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख मिळाले. त्यांवरून त्यांनी काळ ठरविला इओसीन. तो थोडा चुकला. आज हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मानतात. रीत मात्र तीच टिकली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले.