बिअॅट्रिस शिलिंग

(मोटार असो, मोटारसायकल असो की विमान असो, इंजिनाला पेट्रोल योग्य मापाने मिळावे लागते. ते कमी पडले तरी नुकसान आणि जास्त झाले तरी नुकसान. हे माप अचूक साधून अनेक वैमानिकांवरचे संकट दूर करणाऱ्या एका इंग्रज महिला अभियंत्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

बिअॅट्रिस शिलिंग यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी इंग्लंडमधील हँपशर परगण्यातील वॉटरलूव्हिल या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे मांसविक्रीचे दुकान होते. लहानपणी इतर मुली बाहुल्यांशी खेळत, तेव्हा छोटी बिअॅट्रिस पट्ट्या, स्क्रू आणि चाके जोडून खेळण्यातली यंत्रे बनवीत असे. चौदाव्या वर्षी तिने एक रॉयल एनफिल्ड मोटारसायकल विकत घेतली. ती मोटारसायकल पूर्ण सुटी करायची आणि पुन्हा जोडायची, हाच तिचा छंद होता. आपण अभियंता व्हायचे, हे तिने तेव्हाच ठरवून टाकले.

त्या काळी मुलीने अभियंता होणे ही सोपी गोष्ट नव्हती. हातात पाना घेणाऱ्या मुलीकडे लोक नवलाने पाहत. परंतु बिअॅट्रिसची हिंमत मोठी होती. शाळा संपल्यावर ती मार्गारेट पार्ट्रिज यांच्या कंपनीत उमेदवारी करू लागली. मार्गारेट स्वतः अभियंता होत्या आणि खेडोपाडी वीज पोचवण्याचे काम करीत. तारा जोडणे, जनित्रे बसवणे ही सर्व कामे बिअॅट्रिस तेथे शिकली. तिची हुशारी पाहून मार्गारेट यांनी तिला पुढे शिकण्याचा आग्रह केला. १९२९ साली तिने मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला. अभियांत्रिकीच्या वर्गात मुली अगदी थोड्या होत्या. १९३२ मध्ये तिने विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी यंत्र अभियांत्रिकीतील उच्च पदवीही मिळवली.

त्यानंतर बिअॅट्रिस शिलिंग बर्मिंगहॅम विद्यापीठात संशोधन करू लागल्या. त्यांचा विषय होता सुपरचार्जर बसवलेले इंजिन. हा सुपरचार्जर म्हणजे काय, ते आधी पाहू.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जळते व त्यातून शक्ती निर्माण होते. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण तयार करण्याचे काम कार्बोरेटर करतो. सुपरचार्जर हा हवेचा पंप असतो. तो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो. हवा जास्त मिळाली की जास्त पेट्रोल जाळता येते आणि इंजिनाची शक्ती वाढते. मात्र इंजिन वेगाने फिरू लागले की दर मिनिटाला आत जाणारी हवाही वाढते. तेव्हा पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढावे लागते. कणीक मळताना पाणी कमी पडले तर पीठ कोरडे राहते आणि जास्त झाले तर ते हाताला चिकटते. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल कमी पडले तर इंजिन अडखळते व फार तापते. जास्त झाले तर काळा धूर निघतो आणि शेवटी इंजिन बंद पडते.

शिलिंग केवळ प्रयोगशाळेत बसणाऱ्या नव्हत्या. ब्रुकलंड्स येथील प्रसिद्ध शर्यतमार्गावर त्या आपली नॉर्टन मोटारसायकल पळवीत. या मोटारसायकलला त्यांनी स्वतः सुपरचार्जर बसवला होता. या मार्गावर ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्यास सुवर्णतारा मिळत असे. १९३४ साली शिलिंग यांनी तो मान मिळवला. ताशी १०६ मैल, म्हणजे सुमारे १७१ किलोमीटर, एवढा वेग त्यांनी गाठला होता. ब्रुकलंड्सच्या संपूर्ण इतिहासात हा सुवर्णतारा फक्त तीन स्त्रियांना मिळाला.

१९३६ साली त्या फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधन संस्थेत दाखल झाल्या. लवकरच कार्बोरेटर विभागात त्यांचे काम सुरू झाले. १९३८ साली त्यांचा विवाह याच संस्थेतील जॉर्ज नेलर यांच्याशी झाला. नेलर यांनीही सुवर्णतारा मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही, अशी अट शिलिंग यांनी घातली होती, असे सांगतात.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमाने जर्मन विमानांशी झुंजू लागली. या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन इंजिन होते. हे १२ सिलिंडरांचे, २७ लिटरचे, सुपरचार्जर असलेले इंजिन फार शक्तिशाली होते. पण त्यात एक घातक दोष होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली केले की इंजिन अडखळत असे आणि कधी कधी बंदच पडत असे.

असे का होत होते? आकाशपाळणा वेगाने खाली येतो तेव्हा पोटात गोळा उठतो. आपण क्षणभर वर उचलले जातो, असे वाटते. तसेच कार्बोरेटरच्या टाकीतील पेट्रोल विमान खाली झुकताच वर उसळत असे. त्यामुळे इंजिनाला पेट्रोल मिळत नसे व ते अडखळत असे. पण खरे संकट पुढेच होते. पेट्रोलची पातळी सांभाळणारा फ्लोट जागेवर न राहिल्यामुळे पेट्रोलची वाट पूर्ण उघडी राही. पंप जोराने पेट्रोल ओतत राही. इंजिन पेट्रोलने बुडून जाई आणि काळा धूर सोडून गप्प होई.

जर्मन विमानांत कार्बोरेटर नव्हता. त्यांच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्यामुळे जर्मन वैमानिक सरळ खाली सूर मारून निसटून जात. ब्रिटिश वैमानिकांना मात्र आधी विमान उलटे करून मग खाली वळावे लागे. तेवढ्या वेळात शत्रू दूर जाई किंवा पाठीशी येई. काही सेकंदांचा हा फरक जीव घेणारा होता.

शिलिंग यांनी या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला. नवा कार्बोरेटर तयार व्हायला वेळ लागणार होता आणि वैमानिक तर रोज लढत होते. तेव्हा त्यांनी एक साधा इलाज शोधला. पितळेचा एक छोटासा, छिद्र असलेला तुकडा त्यांनी तयार केला. पुढे तो साध्या वॉशरसारखा चपटा करण्यात आला. तो पेट्रोलच्या नळीत, कार्बोरेटरच्या अगोदर बसवायचा. त्याच्या छिद्राचे माप अचूक होते. इंजिन पूर्ण शक्तीने चालताना जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच त्यातून जाई. त्यामुळे इंजिन पूर्ण वेगात उपाशी राहत नसे आणि विमान खाली झुकले तरी पेट्रोलने बुडतही नसे. सुपरचार्जरच्या दोन वेगवेगळ्या दाबांसाठी त्यांनी दोन मापांचे तुकडे बनवले, कारण जेवढी जास्त हवा, तेवढे जास्त पेट्रोल.

या तुकड्याचा आणखी एक मोठा फायदा होता. तो बसवण्यासाठी विमान कारखान्यात न्यावे लागत नसे. मार्च १९४१ पर्यंत शिलिंग आपल्या छोट्या पथकासह विमानतळांवर फिरून हे तुकडे बसवू लागल्या होत्या. क्षणभर अडखळण्याचा दोष त्याने पूर्ण गेला नाही, आणि विमान फार वेळ उलटे उडवणेही शक्य झाले नाही. पण इंजिन बुडून बंद पडण्याची भीती टळली. १९४३ साली नव्या प्रकारचे कार्बोरेटर येईपर्यंत या तुकड्यानेच काम भागवले. वैमानिकांनी त्याला गमतीने मिस शिलिंग यांचेच नाव दिले.

युद्धानंतर ब्रिटिश सरकारने ओ.बी.ई. हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. तरीही त्या काळी ब्रिटनच्या सरकारी नोकरीत स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांपेक्षा कमी पगार मिळत असे. शिलिंग यांनी आपली मेहनत कमी केली नाही. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक नीट कसे लागतील, यावरही त्यांनी संशोधन केले. सुट्टीच्या दिवशी पती-पत्नी मोटारींच्या शर्यतीत भाग घेत आणि आपल्या मोटारीची बहुतेक दुरुस्ती घरच्या कारखान्यातच करीत. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी सरे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

मोठे काम करण्यासाठी नेहमी मोठे यंत्रच लागते, असे नाही. दोष नेमका कोठे आहे हे ओळखणारी नजर आणि योग्य माप साधणारा हात असेल, तर पितळेचा एक लहानसा तुकडाही प्राण वाचवू शकतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिलिंग यांनी चौदाव्या वर्षी काय विकत घेतले?
(आ) सुपरचार्जर कोणते काम करतो?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विमान एकदम खाली झुकले की मर्लिन इंजिन का बंद पडत असे?
(आ) पितळेच्या तुकड्याचे छिद्र मोठे किंवा फार लहान केले असते, तर काय झाले असते?

३. विरुद्धार्थी शब्द लिहा : जास्त, सोपी, कोरडे, फायदा.

४. हिंमत, इलाज, नजर, मेहनत हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.