वधस्तंभाच्या वाटेने : अल्बर्ट लुथुली

मराठी ख्रिस्ती घरांना ‘यात्रिकक्रमण’ हे नाव नवीन नाही. हरी केशवजी यांनी १८४१ साली ते मराठीत आणले. मूळ ग्रंथकर्ता जॉन बन्यन याने सरकारी परवान्यावाचून उपदेश करण्याचे सोडले नाही आणि त्यापायी १६६० पासून बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढली, हे मात्र पुष्कळांच्या स्मरणात नसते. दक्षिण आफ्रिकेतील एका झुलू ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या मुलाचे नाव जॉन बन्यन असे ठेवले होते. त्या जॉन बन्यन लुथुलींचे पुत्र अल्बर्ट हे पुढे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारे पहिले आफ्रिकी ठरले. वडिलांना मिळालेल्या नावाचा वारसा मुलाने एका अर्थाने चालविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मिशनच्या गावात

अल्बर्ट लुथुली यांचा जन्म १८९८ च्या सुमारास बुलावायोजवळील सोलुसी मिशन येथे झाला. हा प्रदेश आज झिम्बाब्वेमध्ये आहे. त्यांचे वडील तेथे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मिशनमध्ये सेवा करीत होते. अल्बर्ट लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले आणि आई म्टोन्या आपल्या मुलासह सासरच्या गावी, नाताळ प्रांतातील ग्राउटव्हिल येथे परतली.

या गावाशी आपले एक नाते आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, त्याच बोर्डाचे मिशनरी १८३५ मध्ये झुलू लोकांत गेले. त्यांपैकी ऑल्डिन ग्राउट यांच्या नावावरून गावाला ग्राउटव्हिल हे नाव पडले. अल्बर्टचे आजोबा न्टाबा व आजी टिटिसी हे या मिशनच्या पहिल्या विश्वासणाऱ्यांपैकी होते. मुंबईस व अहमदनगरास ज्या हातांनी शाळा उघडल्या, त्यांच्याच भावंडांनी येथेही शाळा उघडल्या. या गावचे ख्रिस्ती लोक आपला प्रमुख स्वतः निवडीत. वंशपरंपरेने येणाऱ्या प्रमुखांच्या त्या मुलखात ही गोष्ट वेगळी होती, आणि तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

आईने लोकांचे कपडे धुऊन आणि भाजीपाला विकून मुलाला शिकविले. काही काळ ते जॉन डुबे यांच्या इनांडा येथील ओहलांगे शाळेत होते. गांधीजींचा फिनिक्स आश्रम तेथून जवळच होता. शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी ब्लाउबॉश या लहानशा गावी नोकरी धरली. तेथे एका सुवार्तिकाच्या सहवासात त्यांची श्रद्धा दृढ झाली, मेथडिस्ट मंडळीत त्यांचा दृढीकरणविधी झाला आणि ते सामान्य उपदेशक म्हणून वचन सांगू लागले. पुढे ॲडम्स कॉलेजात उच्च प्रशिक्षण घेतल्यावर तेथेच त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. विद्यापीठीय शिक्षणासाठी मिळू घातलेली शिष्यवृत्ती त्यांनी नाकारली, कारण आता आईला सांभाळण्याची पाळी आपली आहे, असे त्यांना वाटले. १९२७ मध्ये नोकुखान्या भेंगू या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. देवाने त्यांना सात मुले दिली.

प्रमुखपद

१९३३ पासून ग्राउटव्हिलची वडीलधारी माणसे प्रमुखपद स्वीकारण्याची गळ घालू लागली. शिक्षकाचा पगार अधिक होता, कामही आवडीचे होते. दोन वर्षे त्यांनी विचार केला, प्रार्थना केली आणि १९३६ च्या आरंभी ते गावी परतले. सुमारे पाच हजार लोकांचा हा कारभार त्यांनी सतरा वर्षे पाहिला. तंटे मिटविणे, न्यायनिवाडा करणे, गरीब ऊस-शेतकऱ्यांची संघटना बांधणे अशा कामांत त्यांचे दिवस जात. मंडळीतील सेवाही चालू होती.

डिसेंबर १९३८ मध्ये ते भारतात आले. मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेचे ते प्रतिनिधी होते. आशिया व आफ्रिकेतील मंडळ्यांचे पुढारी तेथे मोठ्या संख्येने आले होते आणि पाश्चात्त्यांच्या मांडीला मांडी लावून चर्चा करीत होते. ज्या देशात काळ्या माणसाला गोऱ्याच्या बाकावर बसण्याची सोय नव्हती, त्या देशातून आलेल्या माणसाला हे दृश्य काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गावातील लोकांच्या अडचणींचे मूळ गावात नाही, हे त्यांना हळूहळू उमगत गेले. १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य काळ्या लोकांना देशातील अवघी सात टक्के जमीन राखून ठेवली होती. १९३६ मध्ये ती सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. परवानापत्र जवळ नसलेला काळा माणूस कोठेही पकडला जाई. १९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या पक्षाने तर वर्णभेद हेच राज्याचे धोरण केले. अधिक दुःखाची गोष्ट ही की, तेथील डच रिफॉर्म्ड मंडळीतील अनेक विद्वान पवित्र शास्त्रातूनच त्या धोरणाला आधार काढून दाखवीत होते.

लुथुली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये काम करू लागले आणि १९५१ मध्ये तिच्या नाताळ शाखेचे अध्यक्ष झाले.

दोहोंपैकी एक

२६ जून १९५२ रोजी आफ्रिकन व भारतीय वंशीयांच्या काँग्रेस संघटनांनी मिळून अन्यायी कायद्यांच्या सविनय भंगाची मोहीम सुरू केली. नाताळमध्ये लुथुली यांच्या खांद्याला खांदा लावून डॉ. मॉन्टी नायकर उभे होते. स्वयंसेवक केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षालयात शिरत, बाकांवर बसत, रात्रीच्या संचारबंदीत परवान्याशिवाय फिरत. पोलीस आले की हात न उचलता त्यांच्याबरोबर जात. आठ हजारांहून अधिक लोकांनी अशी अटक पत्करली. १९०६ मध्ये याच देशात गांधीजींनी पेटविलेली ज्योत पुन्हा उजळली.

सरकारने लुथुली यांना प्रिटोरियास बोलावले. खात्याचे सचिव डॉ. आयसेलेन हेही एका मिशनरीचे पुत्र होते. त्यांनी लुथुलींपुढे दोन पर्याय ठेवले : काँग्रेस सोडावी, नाही तर प्रमुखपद सोडावे. सरकारचा पगार घेणाऱ्याने सरकारचे कायदे मोडण्याची चळवळ चालवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. लुथुलींना मात्र या दोन कामांत विरोध दिसत नव्हता. प्रमुख हा आधी लोकांचा सेवक असतो आणि त्यांना तर लोकांनीच निवडले होते. त्यांनी दोहोंपैकी काहीच सोडण्यास नकार दिला. नोव्हेंबर १९५२ मध्ये सरकारने त्यांना पदावरून काढून टाकले.

त्या वेळी त्यांनी काढलेले निवेदन ही एका ख्रिस्ती माणसाची साक्षच होती. आजवर तीस वर्षे आपण बंद दार नम्रपणे ठोठावीत राहिलो, आता अहिंसक प्रतिकाराची वाट धरतो आहोत, ती कोठे नेईल ते ठाऊक नाही, परंतु स्वातंत्र्याची वाट वधस्तंभावरून जाते, अशा आशयाचे ते होते. पुढच्याच महिन्यात काँग्रेसने त्यांना सबंध देशाचे अध्यक्ष निवडले.

अधीनता म्हणजे काय?

येथे एक प्रश्न अनेक विश्वासणाऱ्यांच्या मनात येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांविषयी जे सांगतो, त्याचे काय? पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला या उताऱ्यावर बराच वेळ थांबावे लागते. पौलाने तेथे आज्ञापालनासाठी येणारा नेहमीचा ग्रीक शब्द योजलेला नाही. व्यवस्थेत आपल्या जागी, खाली राहणे, म्हणजेच अधीन असणे, अशा अर्थाचा शब्द त्याने वापरला आहे. एका शब्दावर सारा सिद्धांत उभारू नये, हे खरे. परंतु प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, यासमोर ठेवला की चित्र स्पष्ट होते. पेत्र व इतर प्रेषित यांनी न्यायसभेची मनाई मानली नाही. तथापि तिने दिलेले फटके मुकाट्याने सोसले. ते पळाले नाहीत, त्यांनी शस्त्रही उपसले नाही.

लुथुली यांच्या स्वयंसेवकांचे वर्तन याच जातीचे होते. देवाच्या प्रतिरूपात निर्माण केलेल्या माणसाला हीन ठरविणारा कायदा त्यांनी पाळला नाही आणि तो मोडल्याची शिक्षा चुकविली नाही. राज्यसत्ता देवाची सेविका आहे, असे पौल म्हणतो. ती सेविका आहे म्हणूनच तिला तिच्या धन्याची आठवण करून देता येते.

बंदी, खटला, पारितोषिक

१९५३ पासून त्यांच्यावर एकामागून एक बंदीहुकूम निघू लागले. सभांना जायचे नाही, जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. १९५६ मध्ये सरकारने मिशन शाळा ताब्यात घेण्याच्या धोरणाखाली ॲडम्स कॉलेजही घेतले. ज्या संस्थेने त्यांना घडविले, तिचा मिशन म्हणून शेवट त्यांना पाहावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्यासह १५६ जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. वर्षभराने त्यांच्यावरील आरोप मागे घेतला गेला. उरलेले अखेरचे आरोपीही मार्च १९६१ मध्ये निर्दोष सुटले.

१९५८ मध्ये प्रिटोरिया येथे गोऱ्या श्रोत्यांपुढे बोलत असता काही गोऱ्या तरुणांनी व्यासपीठावर चढून त्यांना मारहाण केली. ते उठले, आणि त्यांनी आपले भाषण पुरे केले.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवानापत्रांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे मेली. पाच दिवसांनी लुथुली यांनी प्रिटोरियात आपले परवानापत्र सर्वांदेखत जाळले आणि मृतांसाठी शोकदिन पाळण्याचे आवाहन केले. त्यांना अटक झाली. रक्तदाबाने आजारी असलेल्या या साठीच्या गृहस्थावर अटकेत असताना हातही टाकण्यात आला. काँग्रेसवर बंदी आली.

१९६० चे शांतता पारितोषिक त्यांना १९६१ मध्ये जाहीर झाले. सरकारने नाखुशीनेच थोड्या दिवसांचा प्रवासपरवाना दिला आणि १० डिसेंबर रोजी ऑस्लो येथे त्यांनी ते स्वीकारले. त्या रकमेतून स्वाझिलँडमध्ये निर्वासितांच्या उपयोगासाठी शेतजमीन घेण्यात आली. तेथे नोकुखान्याबाईंनी स्वतः राबून शेती केली. पतीच्या बंदीच्या काळात घर चालले ते याच माउलीच्या कष्टांवर.

एक कठीण प्रश्न

ते ऑस्लोहून परतले आणि काही दिवसांतच, १६ डिसेंबर १९६१ रोजी, त्यांच्याच संघटनेतील तरुणांनी उभारलेल्या सशस्त्र दलाने घातपाताची पहिली कृत्ये केली. नेल्सन मंडेला त्या दलाचे प्रमुख होते. लुथुली स्वतः अहिंसेच्या मार्गावरून ढळले नाहीत. पण १९६४ मध्ये मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली, तेव्हा त्यांनी या तरुणांचा धिक्कारही केला नाही. शांततेचे प्रत्येक दार राज्यकर्त्यांनी बंद केल्यावर त्यांना दोष कोण देणार, असा त्यांचा भाव होता. काहींना ही त्यांची दुर्बलता वाटते. मला तसे वाटत नाही. आपण न धरलेल्या वाटेने गेलेल्या भावाचे दुःख समजून घेणे आणि तरीही आपली वाट न सोडणे, याला मोठे बळ लागते.

१९६२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव त्यांनी निर्गमाच्या पुस्तकातून, मोशेने फारोपुढे केलेल्या मागणीवरून घेतले होते. त्यांच्या देशात त्यांचे शब्द छापणे हा गुन्हा होता. १९६४ मध्ये बंदीची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली.

शेवट आणि त्यानंतर

२१ जुलै १९६७ रोजी ग्राउटव्हिलजवळ रेल्वेच्या पुलापाशी ते जबर जखमी अवस्थेत सापडले आणि त्याच दिवशी वारले. आगगाडीचा धक्का लागून मृत्यू आला, असा निष्कर्ष त्या वर्षीच्या चौकशीने काढला. कुटुंबीयांनी तो कधीच मानला नाही. अठ्ठावन्न वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला आणि मृत्यू मारहाणीने झाला, त्यामागे सुरक्षा पोलिसांचा हात होता, असा निर्णय दिला. नोकुखान्याबाई त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, प्रभूच्या घरी गेल्या होत्या.

२७ एप्रिल १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. मंडेलांनी आपले मत इनांडा येथील ओहलांगे शाळेत टाकले. विधवा आईने कष्टाने शिकविलेला एक मुलगा कधीकाळी याच शाळेत बसला होता.

लुथुली यांचे झुलू नाव म्वुम्बी. त्याचा अर्थ संततधार पाऊस. असा पाऊस गाजावाजा करीत नाही, जमिनीत मुरत जातो. वाचकहो, आपण या विस्तीर्ण देशात ठिकठिकाणी विखुरलेलो आहोत. आपल्यापैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी सरकारी नोकरीत, कोणी मंडळीच्या सेवेत. प्रमुखपद की विवेक, असा प्रश्न लहान रूपात आपल्यापुढेही येतो : एखाद्या खोट्या कागदावर सही मागितली जाते, शेजाऱ्यावरील अन्यायाकडे डोळेझाक करण्यास सांगितले जाते. त्या घडीला द्वेषावाचून नकार देण्याचे आणि त्याची किंमत आनंदाने मोजण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो.