पगार सोडून संन्यास घेणारा ख्रिस्ती कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

छत्रपती संभाजीनगर असो की अहिल्यानगर, मराठी चर्चमध्ये रविवारी उपासनेला गेलात तर एक गोष्ट लगेच कानावर येते. तिथली बरीच गाणी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची असतात. चर्चमध्ये टाळ-मृदंगाची चाल कशी काय आली? याचं उत्तर शोधायला गेलं की एक नाव पुढं येतं, नारायण वामन टिळक.

शाळेत आपण त्यांना फुला-मुलांचे कवी म्हणून वाचलेलं असतं. बाण लागलेल्या पक्षिणीची कविता त्यांचीच. पण या माणसाने आयुष्यभर एक प्रश्न उराशी धरला होता. धर्म बदलल्यावर माणूस खरोखर बदलतो का? आणि बदलायचं असेल तर त्यासाठी रोज काय करावं लागतं?

भटकंतीचे दिवस

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. आईवर त्यांचा फार जीव. ती लवकर गेली आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. तिथेच जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. या मुलीला आपण लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो.

संसार मात्र एका जागी टिकेना. कधी मास्तरकी, कधी कीर्तन, कधी छापखान्यातलं काम. मन लागलं नाही की टिळक न सांगता निघून जायचे. हाती आलेला पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की तो त्याच्याकडे जाई. राग तर नाकाच्या शेंड्यावर. या सगळ्याची झळ लक्ष्मीबाईंना बसली.

रेल्वेतली भेट

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेपासून धर्मापर्यंत गेल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं.

टिळकांनी पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून ते वाचायला बसले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवर प्रेम करा, उद्याची चिंता करू नका, दान गुपचूप करा, ही शिकवण त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घर तुटलं, मग जुळलं

या निर्णयाची किंमत मोठी होती. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे पंढरपूरला राहिल्या. नवरा जिवंत असून विधवेसारखी अवस्था. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. पत्नीनेही आपला धर्म घ्यावा अशी सक्ती मात्र त्यांनी केली नाही.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या. आधी त्यांनी आपलं सोवळंओवळं सांभाळलं. मग जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांना पटलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी नवऱ्याचं प्रेमही सांगितलं आणि त्याचा तापट स्वभावही झाकला नाही. म्हणूनच टिळक आपल्याला संत म्हणून नाही, स्वतःशी झगडणारा माणूस म्हणून दिसतात.

तुकोबांच्या वाटेने

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी मराठी ख्रिस्ती माणूस परदेशी चालीवरची भाषांतरित गाणी गात असे. टिळकांना हे उसनं वाटायचं. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. नामस्मरण, भजन, एकांतातली प्रार्थना ही वारकऱ्यांची रोजची साधना त्यांनी येशूच्या भक्तीला जोडली.

गुरूचं नाव लावलं म्हणून कोणी शिष्य होत नाही, गुरूच्या सहवासात रोज राहावं लागतं, हा त्यांच्या भजनांचा गाभा. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं आणि हेच विचार तिथेही उतरले.

पगार कशाला सोडला?

१९१७ साली टिळकांनी मोठं पाऊल उचललं. मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत ढासळलेली.

कारण सरळ होतं. पगार घेऊन धर्म सांगणाऱ्याला लोक गोऱ्या साहेबाचा नोकर समजत. साधूचं मात्र ऐकत. शिवाय उद्याची चिंता करू नका, हे दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपण तसं जगून बघायला हवं.

ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. येशूला गुरू मानायचं, बंधुभावाने राहायचं, सेवा करायची, एवढीच अट. चर्चमधल्या अनेकांना हे खटकलं. बाप्तिस्म्याची रेषा पुसली तर चर्च उरणार कुठे, ही शंका काही उगाच नव्हती. टिळक मागे हटले नाहीत.

पण वेळ कमी होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी अहमदनगरला नेल्या.

मागे काय राहिलं?

'देवाचा दरबार' त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. पण १९२२ साली जॅक विन्सलो या इंग्रज पाद्रीने अहमदनगरला 'ख्रिस्त सेवा संघ' हा आश्रम काढला, त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहून पूर्ण केलं. एकेकाळी ज्या धर्मामुळे त्यांचं घर मोडलं होतं, त्याच धर्माच्या गुरूचं चरित्र त्यांनी ओवीत बांधलं.

आणि टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.