विश्लेषण : डिस्नेलँडची जादू महाराष्ट्रात आधी कुठे भेटत होती? ‘प्रोफेसर केळफा’ ते दादासाहेब फाळके

थीम पार्क म्हटले की डिस्नेलँडचे नाव आधी ओठावर येते. भारतात डिस्नेलँड नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या कुटुंबाला ते पाहायचे ठरले, तर पासपोर्ट काढून हाँगकाँग किंवा शांघाय गाठावे लागेल. पण डिस्नेलँड उघडण्याच्या चार दशके आधी एका मराठी माणसाने अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या पडद्यावर देव उतरवले होते. ती जादू बैलगाडीत मावत होती आणि गावोगावी जात होती. धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी ती कशी घडवली, त्यासाठी काय मोजले आणि आज ती कुठे पाहता येईल, याचा हा आढावा.

थीम पार्कची जादू म्हणजे नेमके काय?

वॉल्ट डिस्ने हे मुळात चित्रपटवाले. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी त्यांनी डिस्नेलँड उघडले. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर पहिला रस्ता लागतो तो एका छोट्या गावाच्या बाजारपेठेचा. मिसुरी राज्यातील मार्सलीन या रेल्वेमार्गावरच्या लहानशा गावात डिस्ने यांचे बालपण गेले होते. त्या आठवणीतून हा रस्ता उभा राहिला. त्याच रस्त्यावर मूकपट दाखवणारे एक चित्रपटगृह आणि पार्काभोवती फिरणारी वाफेच्या इंजिनाची नॅरोगेज गाडीही त्यांनी ठेवली.

या गोष्टी विदर्भाला परक्या नाहीत. मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही ‘शकुंतला’ नॅरोगेजवरच धावत होती आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. अमेरिकेतला पर्यटक ज्यासाठी तिकीट काढतो, ते या भागातल्या माणसाचे तालुक्याला जाण्याचे रोजचे साधन होते. म्हणजे थीम पार्क ज्या गोष्टी हुबेहूब उभ्या करते, त्यातल्या बऱ्याच मूळच्या छोट्या गावांच्याच आहेत. उरतो तो एकच भाग : नेहमीच्या जगातून उठून दुसऱ्या जगात जाऊन बसल्याचा अनुभव. महाराष्ट्राला तो फाळके यांनी दिला.

फाळके आधी जादूगार होते का?

होय. ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे विद्वान. घरात पुराणकथांचा राबता होता, पण मुलाचा ओढा हाताने काही तरी बनवण्याकडे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे शिकली. गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. स्टुडिओ बंद पडला.

त्यानंतरच्या काळात ते एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले. फाळके हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. हा तपशील गमतीचा वाटला तरी तो महत्त्वाचा आहे. प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची, काय लपवायचे आणि कोणत्या क्षणी दाखवायचे, हे ते कॅमेरा हाती घेण्याआधीच शिकले होते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांचाही रस्ता असाच होता. तेही आधी जादूगार आणि नंतर चित्रपटकार झाले.

जादूच्या प्रयोगांवर घर चालत नव्हते. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी केली. १९०६ च्या सुमारास ती सोडून छपाईच्या धंद्यात पडले. लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछपाईशी संबंधित कामे केली, रंगीत छपाई समजून घेण्यासाठी जर्मनीची वारी केली. मग भागीदारांशी पटेनासे झाले आणि चाळिशी ओलांडलेले फाळके पुन्हा रिकाम्या हाताने घरी बसले.

गिरगावात असे काय घडले?

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येऊ लागले. आपले देव पडद्यावर का येऊ नयेत, या प्रश्नाने त्यांना घेरले. दुसऱ्या खेळाला ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले.

पुढचे काही महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला, लहानसा कॅमेरा आणि फिल्मच्या तुकड्यांवर रात्र रात्र प्रयोग केले. जागरण आणि ताण इतका वाढला की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली आणि त्यांनी पुन्हा तेच काम सुरू केले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने त्यांना चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहायला मिळाला. एप्रिलच्या सुरुवातीला ते परतले. पाठोपाठ येणाऱ्या सामानात विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म होती.

भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी पहिला प्रयोग केला तो कुंडीतल्या वाटाण्यावर. कॅमेरा कुंडीपुढे रोवून ठेवायचा आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपायचे. महिनाभराहून अधिक काळ हे चालले. पडद्यावर दाखवले तेव्हा बी फुटून वेल वर चढण्याचा सारा प्रवास मिनिटाभरात उलगडला. कोणताही शेतकरी जे शेतात रोज पाहतो पण घडताना कधीच पाहू शकत नाही, ते दिसले. पैसे उभे राहिले. तरीही चित्रपट पूर्ण करण्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

‘राजा हरिश्चंद्र’ कसा तयार झाला?

दादरच्या राहत्या घरातच स्टुडिओ उभा राहिला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. चित्रपटात काम करणे हे त्या काळी अप्रतिष्ठेचे मानले जाई. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा तलवारी आणि भाले घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला, असे सांगितले जाते.

या निर्मितीचा निम्मा भार सरस्वतीबाईंवर होता. त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडत आणि रसायनात धूत. सहा-सात महिन्यांच्या या कष्टांतून चार रिळांचा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी लागला. पडद्यावर नाव फाळके यांचे आले. पहिल्या भारतीय चित्रपट तंत्रज्ञांत सरस्वतीबाईंचे नाव घ्यायला हवे, ही जाणीव फार उशिरा झाली.

पडद्यावरची जादू प्रत्यक्षात कशी चाले?

हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याची मूठ मध्येच थांबवायची, सर्वांनी जागच्या जागी खिळून राहायचे, एकाने चौकटीबाहेर जायचे आणि मूठ पुन्हा फिरवायची. पडद्यावर माणूस क्षणात अदृश्य झालेला दिसतो. एकदा वापरलेली फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे दृश्य टिपले, की एकाच चौकटीत दोन जगे येतात. प्रतिकृती जवळून टिपली, की ती खरी नगरी भासते. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

विशेष म्हणजे हा जादूगार आपली युक्ती लपवून बसला नाही. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा एक लघुपटच त्यांनी काढला. त्याचा काही भाग आजही शिल्लक आहे. त्यात ते स्वतः कलाकारांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. युक्ती कळल्यावर प्रेक्षकांचा ओघ आटला नाही. ‘लंकादहन’च्या वेळी मद्रासमध्ये जमा झालेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते.

ही जादू गावांपर्यंत कशी पोहोचली?

शहरांत चित्रपटगृहे होती, पण बहुसंख्य लोक खेड्यांत राहत होते. प्रोजेक्टर, पडदा आणि रिळे बैलगाडीत घालून चित्रपट गावोगावी नेण्याची पद्धत फाळके यांच्या काळातच सुरू झाली. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती आणि गोष्ट सर्वांना कीर्तनातून आधीच ठाऊक होती. रोजच्या पूजेतला देव हलताना दिसला की लोक पडद्यापुढे हात जोडत.

याच वाटेने पुढे तंबू टॉकीज आले. सुगी संपली, जत्रा भरली की आकाशपाळणा आणि मौत का कुआँच्या शेजारी तंबू लागे. दिवसा ज्या मैदानात गुरे चरत, तिथे रात्री दुसरे जग उघडे. जत्रेतला तो कोपरा म्हणजे त्या गावाचे काही दिवसांपुरते थीम पार्कच होते. तिकीट परवडणारे होते आणि त्यासाठी गाव सोडावे लागत नव्हते. टीव्ही, व्हिडीओ आणि नंतर मोबाइल आल्यावर हे तंबू झपाट्याने कमी झाले.

फाळके यांच्या वाट्याला काय आले?

१९१३ मध्ये ते नाशिकला गेले. तिथे काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि स्त्रीच्या भूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात झाली. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैशाची चिंता मिटली, पण हिशेब आणि हुकमत यांवरून खटके सुरू झाले. भागीदारांना खर्चाची मर्यादा हवी होती, फाळके यांना मनासारखे दृश्य. वैतागून ते कंपनी सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते रंगमंचावर चालले नाही. ते कंपनीत परतले, पण पहिले दिवस परतले नाहीत.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्याला आवाज दिला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच तयार झाला होता. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट काढणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये गेला, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांच्याशिवाय कितीतरी पुढे निघून गेली होती. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू झाला.

डिस्ने यांनी जादूला पक्की जागा दिली, कुंपण घातले, तिकीट लावले. फाळके यांची जादू मात्र रिळांत होती. ही रिळे ज्वलनशील आणि नाजूक. त्यांच्या बहुतेक चित्रपटांचे आज काहीही उरलेले नाही. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उपलब्ध नाही.

आज ही जादू कुठे पाहता येईल?

बोरी अरबच्या वाचकाला यासाठी पासपोर्ट लागणार नाही. बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी नाशिकरोडला थांबते. नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे आणि त्र्यंबकेश्वर तिथून फार दूर नाही. मुंबईत पेडर रोडवर गुलशन महलमध्ये जानेवारी २०१९ पासून भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. गोरेगावच्या चित्रनगरीला फाळके यांचेच नाव दिलेले आहे. उरलेली रिळे जपण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने केले. प्रवास शक्य नसेल, तर ‘राजा हरिश्चंद्र’चे उरलेले भाग मोबाइलवरही सापडतात. फाळके यांच्या धडपडीवरचा परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा मराठी चित्रपट घरातल्या मुलांना सोबत घेऊन पाहण्यासारखा आहे.

आणि एक प्रयोग घरीही करता येतो. कुंडीत वाटाणा पेरायचा, मोबाइल एका जागी पक्का बसवायचा आणि रोज ठरलेल्या वेळी एक फोटो काढायचा. महिन्याने ते फोटो सलग पळवले, की १९१२ मध्ये दादरच्या घरात जमलेल्या मोजक्या लोकांनी जे पाहिले, ते मुलांना स्वतः केलेले पाहायला मिळेल.