फ्रेड हॉईल

पारनेरच्या माळावरील बाभळीचे सरपण चुलीत जळाले, म्हणजे मागे काळा कोळसा उरतो. हा कोळसा बहुतांशी कार्बन होय. ज्वारीच्या दाण्यात, बैलाच्या शिंगात आणि आपल्या रक्तमांसातही हेच मूलद्रव्य आहे. ते पृथ्वीवर घडलेले नाही. पृथ्वीच्या जन्मापूर्वीच ते ताऱ्यांच्या पोटात तयार झाले. ते कसे, या कोड्याची किल्ली ज्यांच्या हाती लागली, ते इंग्रज ज्योतिर्विद म्हणजे फ्रेड हॉईल.

त्यांचा जन्म २४ जून १९१५ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, गिल्स्टेड या खेड्यात झाला. लहानपणी फ्रेडला शाळेचे वावडे होते. एकदा शिक्षिकेने एका रानफुलाला पाच पाकळ्या असतात असे सांगितले. फ्रेडच्या हातातील फुलाला सहा होत्या. एखादी कमी भरली असती, तर ती गळाली असे म्हणता आले असते. पण जास्त कशी भरावी? त्याने हे निदर्शनास आणताच त्याच्या कानावर जोराचा तडाखा बसला. त्या शाळेत पाऊल टाकण्याचे त्याने साफ नाकारले आणि आईनेही त्याचीच बाजू घेतली.

हाच मुलगा १९३३ साली केंब्रिज येथे दाखल झाला व पुढे तेथेच प्राध्यापक झाला.

वृद्ध ताऱ्यांच्या गाभ्यात सुमारे दहा कोटी अंश उष्णतेत हेलियमची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळत असतात. दोन केंद्रे जुळली की बेरिलियम बनते. परंतु सेकंदाच्या अब्जांशाचाही दशलक्षांश भाग उलटण्यापूर्वीच ते फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन मिळाले, तरच कार्बन व्हायचा! हॉईल यांनी गणित केले, तेव्हा असा कार्बन अगदीच थोडा निघाला. जगात तर तो विपुल आहे. लयीत हात दिला म्हणजे झोका उंच जातो, त्याप्रमाणे या तिघांच्या ऊर्जेशी जुळणारी एखादी अवस्था कार्बनच्या केंद्रात असलीच पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. तिची ऊर्जा सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावी, हेही त्यांनी सांगितले.

हे म्हणणे घेऊन ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत विल्यम फाउलर यांच्याकडे गेले. आकाश पाहणाऱ्याने अणूच्या पोटातील गोष्टी सांगाव्यात, याचे फाउलर यांना नवल वाटले. त्यांचा विश्वास बसेना. तरी वॉर्ड व्हेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर जड हायड्रोजनच्या केंद्रांचा मारा करून बाहेर पडणाऱ्या कणांची ऊर्जा मोजली. ती अवस्था जवळजवळ सांगितल्या जागीच सापडली. हे १९५३ साली घडले. १९५७ साली फाउलर आदींनी किरणोत्सर्गी बोरॉनच्या ऱ्हासातून हीच अवस्था निर्माण केली आणि ती तीन हेलियममध्ये फुटते हे पाहिले. जे तिघांत फुटते, ते तिघांपासून जुळूही शकते. मात्र जुळलेले बहुतेक पुन्हा फुटतात. सुमारे अडीच हजारांतून एखादेच केंद्र जादा ऊर्जा बाहेर टाकून स्थिर कार्बन होते. चुलीतील सारा कोळसा या एवढ्याशा वाट्यातून आलेला आहे.

हॉईल यांचा हट्ट नेहमीच फळला असे नाही. विश्वाला आरंभच नाही, हे मत त्यांनी १९४८ साली मांडले होते. १९६५ साली त्याविरुद्ध भक्कम पुरावा मिळाला, तरी त्यांनी ते सोडले नाही. पाकळ्या मोजणाऱ्या मुलाने येथे मात्र हातातील फूल नीट मोजले नाही, असेच म्हणावे लागते. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर हे त्यांचे केंब्रिजमधील शिष्य. या गुरुशिष्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. नारळीकरांनी पुढे पुण्यास आयुका ही संस्था उभारली.

मूलद्रव्यांच्या या संशोधनाबद्दल १९८३ साली फाउलर यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. हॉईल यांचे नाव त्यात नव्हते. हा अन्याय अनेक ज्योतिर्विदांना खटकला. २० ऑगस्ट २००१ रोजी हॉईल यांचे निधन झाले. कार्बनच्या त्या अवस्थेला शास्त्रज्ञ हॉईल अवस्था म्हणतात, आणि तिच्यातून स्थिर कार्बन नेमका कितींत एकदा होतो, याची मोजणी प्रयोगशाळांतून अजूनही पुनःपुन्हा केली जाते.