सुभेदार रामजींची पेन्शन आणि गेटवरचा माजी सैनिक

चाकण औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीच्या वेळी कुठल्याही गेटसमोर उभे राहा. महाळुंगे असो, निघोजे असो की खराबवाडी. कामगारांच्या बसगाड्या आत जात असतात आणि गेटवर पंचेचाळीस-पन्नाशीचा एक माणूस गाड्यांचे नंबर वहीत उतरवत असतो. त्याच्या ताठ उभे राहण्यावरूनच कळते की हा फौजेतून आलेला आहे. ऐन उमेदीची पंधरा-सतरा वर्षे सीमेवर घालवायची आणि परत आल्यावर ठेकेदाराच्या गणवेशात बारा-बारा तास गेट सांभाळायचे, ही पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील कितीतरी माजी सैनिकांची कहाणी आहे. त्यात आपल्या वस्त्यांमधलेही आहेत.

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी आंबेडकर यांचा स्मृतिदिन. या दिवशी आपण बाबासाहेबांचे वडील म्हणून त्यांना अभिवादन करतो. ते योग्यच आहे. परंतु सुभेदार हे एक माजी सैनिकही होते, हे आपण विसरतो. फौजेतून निवृत्त झालेला, तुटपुंज्या पेन्शनीवर संसार ओढणारा, दुसरी नोकरी शोधत गावोगाव फिरणारा माजी सैनिक. त्या अंगाने त्यांचे आयुष्य पाहिले तर गेटवरच्या त्या माणसाचा प्रश्न नीट उलगडतो.

रामजींचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. वडील मालोजी हेही फौजेतच होते. वाट्याला आलेली गावकी सोडून कंपनी सरकारच्या फौजेत जाण्याची परंपरा या घराण्यात जुनी होती. गावात राहिले तर वेसकरकी, मेलेली ढोरे ओढणे आणि भाकरीच्या तुकड्यासाठी दारोदार हिंडणे. फौजेत गेले तर अंगावर गणवेश, हातात बंदूक आणि महिन्याला रोख पगार. आपल्या माणसांनी फौज निवडली ती साहेबाच्या प्रेमापोटी नव्हे. गावाच्या वेशीबाहेर पडण्याचा तेवढाच एक रस्ता उघडा होता. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील ‘नाक’ प्रत्यय असलेली नावे याच रस्त्याने गेलेल्या पूर्वजांची आहेत.

फौजेने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. त्या काळी पलटणीतील शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकविण्याची व्यवस्था असे. ज्या अक्षरांवर मनुस्मृतीने पहारा बसविला होता ती अक्षरे छावणीत मिळत होती. रामजी तेथे शिकले. पुढे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून ते शिक्षक झाले, फौजेच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि चौदा वर्षे त्यांनी ते काम केले. हुद्दा चढत चढत सुभेदारापर्यंत गेला. भीमाबाई या मुरबाडकरांच्या कन्या. तेही घराणे फौजेतलेच, तिचे वडील सुभेदार मेजर. रामजी कबीरपंथी होते. दारू-मांसाला शिवत नसत. महात्मा फुले यांच्या कार्याविषयी त्यांना अतोनात आदर होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचे चौदावे अपत्य जन्माला आले. चौदांपैकी पाच जगली : बळीराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा.

भीमराव रांगत होते त्याच सुमारास सरकारने तो रस्ता बंद केला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांची नजर उत्तरेकडच्या जातींकडे वळली होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात लढाऊ जमाती आणि बिगर लढाऊ जमाती असा सिद्धांत पक्का झाला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची फौजभरती थांबविण्यात आली. कोरेगावचा स्तंभ कोणी वाचला नाही. तीन-तीन पिढ्यांची नोकरी कोणी मोजली नाही. एका कागदावर सही झाली आणि हजारो घरांच्या पुढच्या पिढीची भाकर आणि शाळा दोन्ही गेल्या.

सुभेदार गप्प बसले नाहीत. भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले. दापोलीत गोपाळबाबा वलंगकर हे दुसरे निवृत्त सैनिक हेच काम करीत होते. अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे विनंतीपत्र तयार केले. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० मध्ये हीच मागणी सरकारपुढे ठेवली. आपल्या चळवळीची पहिली अक्षरे लिहिणाऱ्यांत पेन्शनर शिपाई होते, हा इतिहास आपल्या मुलांना माहीत असला पाहिजे.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन कॅम्प दापोलीला आले. पेन्शन महिना सुमारे ५० रुपये. त्यात एवढे मोठे घर भागेना. दापोली सोडून ते साताऱ्याला गेले. १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळले. सुभेदारांना पुन्हा नोकरी शोधावी लागली. ती मिळाली खटाव तालुक्यात, गोरेगावला. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. तेथे ते रोखपाल झाले. शाळेचा मुख्याध्यापक, फौजेचा सुभेदार, आता मातीकामावरच्या मजुरांचा पगार वाटत होता. मुले साताऱ्यात आणि बाप गोरेगावात. आजच्या चाकणच्या गेटवरील माणसाला हे वेगळे सांगायला नको. त्याचेही कुटुंब गावाकडे आणि तो भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर.

याच गोरेगावला बापाला भेटायला १९०१ मध्ये भीमराव, भाऊ आणि भाचे निघाले. नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरले. बापाला पत्र वेळेवर पोचले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि चार पावले मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. पोरांनी स्वतः गाडी हाकली आणि रात्रभर पाण्याच्या घोटासाठी तडफडत प्रवास केला. सरकारची फौजेतली नोकरी, सुभेदाराचा हुद्दा, छातीवरचा मान, त्या रात्री काही म्हणजे काही उपयोगी पडले नाही. छावणीच्या आत तो सुभेदार होता. छावणीबाहेर पाऊल टाकताच गावाने त्याच्या पोरांची फक्त जात मोजली.

तरीही सुभेदार एका गोष्टीवर ठाम राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी भीमरावांना साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत घातले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपण्याची जागा, तीच अभ्यासिका. पोराला लवकर निजवायचे, आपण जागत बसायचे आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवायचे, हा निवृत्त सुभेदाराचा नवा पहारा होता. ही ड्युटी त्याला कोणत्याही साहेबाने लावली नव्हती.

भीमरावांना पुस्तकांची भूक मोठी. पेन्शन हातात नसेल तेव्हा सुभेदार आपल्या सासरी गेलेल्या मुलींकडे जात. एखादा दागिना उसना मागून आणत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक विकत घेत. पेन्शन आली की दागिना सोडवून मुलीला परत देत. आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. एका भावाची शाळा थांबली तेव्हा दुसऱ्याची चालू राहिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, १९१२ मध्ये बी.ए.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते धावत निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सुभेदारांचे डोळे त्यांनाच शोधत होते. थकलेला हात मुलाच्या पाठीवरून फिरला आणि थांबला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेला. बापाला ते पाहता आले नाही.

वडिलांनी मागितलेला न्याय मुलाने मिळवला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी झाली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. गरज सरो, वैद्य मरो. १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. १९५४ च्या २५ डिसेंबरला त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली तीही आपल्या शेजारी, देहूरोडच्या लष्करी वसाहतीत.

आता हिशेब मांडा. बाबासाहेबांचे शिक्षण प्रथम कोणी केले? महाराजा सयाजीरावांची शिष्यवृत्ती थोर, शाहू महाराजांचे साहाय्य थोर. पण त्याआधीची सगळी वर्षे ५० रुपयांच्या पेन्शनीने काढली. दागिना गहाण ठेवता आला, कारण पुढच्या महिन्यात पेन्शन येणार हे ठाऊक होते. पेन्शन म्हणजे म्हाताऱ्या शिपायाला दिलेली भीक नव्हे. शिपायाच्या घरातली पुढची पिढी वर येण्याची ती शिडी आहे.

आणि आज हीच शिडी काढून घेतली जात आहे. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षे नोकरी. त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे घरी. हातात सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यातही निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ज्याच्या नावापुढे माजी सैनिक हा शब्दच लागणार नाही, त्याच्या मुलाला माजी सैनिकांच्या पाल्यांची शिष्यवृत्ती कोठून मिळणार? पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. पंचविशीच्या आतबाहेरची ही मुले कोठे येणार? याच गेटवर. सरकार राखीव जागांची आश्वासने देते. पण आश्वासनावर दागिना गहाण पडत नाही.

कागदावरचा हक्कही पुरेसा नसतो, हे अमेरिकेने दाखविले. १९४४ मध्ये तेथे जीआय बिल नावाचा कायदा झाला. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला कॉलेजची फी, घरासाठी कर्ज. गोऱ्या सैनिकांची एक पिढी त्यावर मध्यमवर्गात गेली. काळा सैनिकही त्याच युद्धात लढला होता, कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज द्यायचे होते गोऱ्यांच्या बँकांनी. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातील १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा ३,२२९ कर्जांपैकी काळ्यांना मिळाली होती फक्त २. मसूरचा गाडीवान आणि मिसिसिपीची बँक यांत फरक तो काय?

म्हणून स्मृतिदिनी हार घालून मोकळे होऊ नका. प्रत्येक विहारातून एक यादी करा : आपल्या वस्तीत माजी सैनिक किती, वीरपत्नी किती, अग्निवीर म्हणून गेलेली मुले किती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ज्यांची नोंद नाही त्यांची करून द्या. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, तिचे अर्ज भरायला शिकलेल्या पोरांना बसवा. सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा कायदा आहे, त्याखाली मंडळे आहेत. गेटवरच्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी, आठ तासांवरच्या कामाचा जादा मोबदला आणि साप्ताहिक सुट्टी यांसाठी आपल्या कामगार संघटनांनी आवाज उठवावा. आणि अग्निवीराला पेन्शन व माजी सैनिकाचा दर्जा मिळावा ही मागणी आपल्या मंचावरून झाली पाहिजे. भरतीबंदीविरुद्ध पहिले अर्ज आपल्याच पूर्वजांनी केले होते. आजचा अर्जही आपणच लिहायचा आहे.

दर १ जानेवारीला चाकण-शिक्रापूर रस्त्याने आपल्या गाड्या निळे झेंडे लावून भीमा कोरेगावकडे जातात. वाटेत दोन्ही बाजूंना कंपन्यांची गेट लागतात. स्तंभावरच्या नावांना वंदन करायला निघालेल्या माणसाने त्या गेटवर उभ्या असलेल्या शिपायाकडेही एकदा पाहावे. त्याच्या घरात कोणीतरी भिवा रात्री दोन वाजता अभ्यासाला उठत असेल. त्याचे पुस्तक कोठून येणार, याचे उत्तर आपण द्यायचे आहे.

जयभीम!